युनूस सर आणि रिकाम्या किटल्या

बातमी आली त्या दिवशी सकाळपासून मी हसत होतो. युनूस सरांनी क्लासच्या ग्रुपवर नेहमीसारखं सी भाषेतलं एक कोडं टाकलं होतं, चार ओळींचं, दिसायला भोळं आणि आतून डांबरट. मी पुण्यात, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता उत्तर लिहिलं, दुसऱ्यानं ते खोडून काढलं, तिसऱ्यानं आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं. सर मात्र गप्प. गंमत बघत बसले असतील असंच वाटलं... दुपारी जुन्नरहून फोन आला. कोडं टाकून सर आंघोळीला म्हणून उठले आणि दारातच कोसळले, ते गेलेच. आता महिना उलटून गेलाय. अजूनही त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की डोळे भरायच्या आधी हसू येतं, आणि याला जबाबदार तेच आहेत.

सर राहायचे जुन्नरला आणि कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे घोडेगावला, एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत. स्कूटरवरून यायचे, केसांत रस्त्याची धूळ, खिशात खडू. मी जवळच्याच शिनोलीचा. पॉइंटर हा शब्द निघाला की आम्ही पोरं वहीत तोंड घालायचो. व्हेरिएबल म्हणजे मेमरीतला एक डबा, डब्यात आकडा, इथवर ठीक होतं. पण ज्या डब्यात आकडा नाही, नुसता दुसऱ्या डब्याचा पत्ता आहे, असला डबा हवाच कशाला? सर म्हणाले, "आरं संतोष, पावण्यानं तुला मामाचं घर इचारलं तर तू घर उचलून त्याच्या म्होरं ठिवतो का? पत्ताच सांगतो ना? पॉइंटर म्हंजी त्योच." मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तालुका आंबेगाव', आणि खडू आमच्याकडे रोखून म्हणाले, "आता ह्या आंबेगावात जाऊन दाखवा बरं." वर्ग हसला. आंबेगाव केव्हाच धरणाच्या पाण्यात गेलंय, तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे, नाव मात्र अजून त्या बुडालेल्या गावाचंच चालतं. "पत्ता हाये, गाव नाय. मेमरी परत दिल्यावर जुन्या पत्त्यावर गेलं की प्रोग्रॅम असाच बुडतो." मागून कुणीतरी म्हणालं, "पर सर, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ दिसतं की!" सर इतके खूश झाले की त्यांनी खडू त्याच्याकडे फेकला. "शाब्बास! कवा दिसतं, कवा नाय दिसत. म्हणून तर असली चूक हुडकायला लई जड जातं!" पुढे मी या विषयावरची बरीच जाडजूड पुस्तकं वाचली. त्या देवळापलीकडे मला काही नवीन सापडलं नाही.

पण पॉइंटर समजणं आणि मेमरी सांभाळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आमच्या वस्तीवरच्या दूध डेअरीनं शिकवलं. डेअरी चालवणाऱ्या बबनतात्यांनी काट्याला जोडायचं एक छोटं मशीन घेतलं आणि त्याचा प्रोग्रॅम माझ्या हवाली केला. दूध मोजलं की नाव, लिटर, फॅट छापलेली चिठ्ठी बाहेर यायची. पहाटे मशीन गुणी लेकरासारखं चालायचं आणि निम्मी रांग झाली की ठप्प. बंद करून चालू केलं की पुन्हा थोडा वेळ चालायचं, पुन्हा ठप्प. लोक वैतागले. तात्या म्हणाले, "उद्याच्याला चाललं तर ठीक, न्हाई तर काढून टाकतो राव. माझं हातानं लिवलेलं बरं व्हतं." मशीन निघालं असतं तर मी चुलत्याच्या खताच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मला दुकानात बसायचं नव्हतं. जीव तोडून कोड वाचत होतो आणि चूक दिसत नव्हती. शेवटी सरांना फोन केला.

सर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, पण कोडकडे ढुंकूनही बघेनात, कारण दारात भांडण पेटलं होतं. आमच्याकडे रांगेत माणूस उभा राहत नसे, नंबराला किटली लावत. सकाळचं दूध घालून झालं की लोक किटली घरी न नेता विसळून पुन्हा रांगेतच ठेवत, संध्याकाळचा नंबर धरायला. रांग पुढे सरकणार कशी? गोदाआक्का भरलेली किटली घेऊन रस्त्यात उभ्या होत्या आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलत होत्या, "दूध घालून झालं ना तुमचं? मग उचला की ह्या रिकाम्या किटल्या! मी काय डोक्यावर ठिवू?" सरांनी त्या किटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पेंडीच्या पोत्यावर बसून हसत सुटले. "संतोष, तुझ्या प्रोग्रॅममधी फ्री कितीदा लिवलंय रे?"

मी कोडवरून नजर फिरवली. प्रत्येक माणसाच्या नोंदीसाठी मी मेमरीत जागा मागत होतो, आणि चिठ्ठी छापून झाली की ती जागा 'फ्री' असं लिहून परत द्यायची असते, ते एकदाही लिहिलेलं नव्हतं. मशीनची मूठभर मेमरी रिकाम्या किटल्यांनी भरून जात होती. घाईघाईनं फ्री घातलं, तर गोदाआक्कांच्या चिठ्ठीवर नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटली. चिठ्ठी छापायच्या आधीच मी जागा परत दिली होती. "आरं, आक्कांनी दूध घालायच्या आधीच किटली उचलली की तू!" सरांना हसू आवरेना. ती ओळ खाली सरकवली आणि रांग संपली तरी मशीन चालतच राहिलं. तात्यांनी सरांना खरवस खाऊ घातला. मी दुकानात बसलो नाही, ते कायमचंच.

सरांनी मात्र तिथंच सगळ्यांना गोळा करून पॉइंटरचा तास घेतला. किती कळलं देव जाणे, पण 'फ्री करा' हे वस्तीला चिकटलं. रांगेतली किटली असो, एसटीतली सीट असो, लग्नातली पंगत असो, अडकलेली जागा मोकळी करायची तर आमच्याकडे अजून तेच म्हणतात. सर घरी जाऊन रोज गोदाआक्कांची नक्कल करत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

दफनाच्या तिसऱ्या दिवशी वस्तीवरची माणसं पिकअपमध्ये बसून जुन्नरला गेली, मीही त्यांच्यात होतो. सरांचं घर दोन खोल्यांचं, आणि नव्याजुन्या विद्यार्थ्यांनी जिना, गल्ली, सगळं भरलेलं. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, भिंतीला टेकून बसलेल्या. रडून डोळे सुजलेले. गोदाआक्का बराच वेळ त्यांचा हात हातात घेऊन बसल्या, मग दारातली गर्दी बघून उठल्या आणि आम्हाला सवयीनं खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला उठा, आपलं बसून झालं. आता बाकीच्यांला जागा फ्री करा."

साऱ्यांच्या माना आक्कांकडे वळल्या. आक्कांनाही उमगलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला... भाभींनी मान वर केली.

"तुमीच का गोदाआक्का?"

आक्कांनी मान हलवली. भाभींना हसू फुटलं, तीन दिवसांतलं पहिलं, आणि त्यातच रडूही. त्यांनी आक्कांचा हात घट्ट धरला.

"मग तुमी बसा. बाकीचे उठू द्या."

आक्का परत खाली बसल्या. आम्ही उठलो, आणि जिन्यावर ताटकळलेली माणसं आत आली.