उजव्या रकान्यातलं उत्तर

शिक्षक व्हायच्या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा मला वाटलं होतं, पहिल्या दिवसापासून मुलांना शिकवायला शिकवतील. आधी शिकवलं ते टाचण लिहायला. आखलेला कागद, त्यावर दोन मोठे रकाने. डाव्या रकान्यात आपण विचारणार तो प्रश्न, उजव्या रकान्यात मूल देणार ते उत्तर. मूल अजून घरी आंघोळ करत असतं, आणि त्याचं उत्तर माझ्या वहीत लिहून, खाली कॉलेजच्या मॅडमची सही होऊन तयार असतं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. उलट माझं अक्षर चांगलं, त्यामुळे माझी टाचणं वर्गभर फिरायची आणि मी त्याच तोऱ्यात असायचे.

शेवटच्या वर्षी काही महिने शाळेवर पाठवतात. मला मिळाली आमच्याच गावची, डोणगावजवळची जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथेच शिकले. मी चौथीत होते तेव्हापासून त्या शाळेत दुपारची खिचडी माझी आई शिजवते. शाळेवर जायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "आई, शाळेत मले म्याडम म्हणजो. लेकरं पाह्यतात."

"हाव," ती म्हणाली. एवढंच.

लेकरांचा नुसता बहाणा होता. ती कोणाची आई आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते माझ्याबरोबर कॉलेजातून आलेल्या तिघींना. "आई शाळेत असते," एवढंच मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी काय समजायचं ते समजू दिलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असं होतं. आईनं मात्र सांगितलेलं तंतोतंत पाळलं. "म्याडम, चाय ठेवू का?" असं तिनं विचारलं की मी मान वळवून "ठेवा" म्हणायचे. शाळेतली पोरं एकमेकांकडे बघून हसायची. मी त्यांच्यावर डोळे वटारायचे.

मग वार्षिक पाठ जाहीर झाला. हा पाठ बघायला बाहेरून परीक्षक येतात. त्यात नापास झालं तर पदवी अडते, पुन्हा वर्षभर थांबा, आणि तेवढ्यात शिक्षक भरती निघाली तर ती गेली. मला विषय आला तिसरीचा, 'आपले अन्न'. टाचण मी तीनदा लिहिलं. सराव करायला घरी वर्ग नव्हता, म्हणून लसूण सोलत बसलेल्या आईला मी विद्यार्थी केलं.

"सांगा मुलांनो, आपण अन्न का खातो?"

"भूक लागते म्हणून," आई म्हणाली.

"तसं नाही. 'अन्नापासून आपल्याला ऊर्जा मिळते', असं म्हण."

"काऊन? भूक लागते म्हणूनच तं खाते माणूस."

"आई, माह्या रकान्यात ते नाही."

माझा स्वभाव आधीच तापट, त्यात परीक्षा. दोन दिवस मी तिच्यावर खेकसले. तिसऱ्या दिवशी तिला पाठ झालं. मी प्रश्न विचारला की लसणावरची नजर न काढता ती अगदी पुस्तकातल्यासारखं म्हणायची, "अन्नापासून आपल्याला ऊर्जा मिळते." मी खूश. आईसुद्धा खूश दिसायची. ती शाळेत रोज जाते, पण वर्गात बसून उत्तर द्यायची पाळी तिच्यावर दुसरीनंतर आली नव्हती.

पाठाच्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर बसले. चष्मा कपाळावर, हातात गुणपत्रक. शेजारी माझ्या तिघी मैत्रिणी निरीक्षण वह्या घेऊन. नमस्कार, हजेरी, फळ्यावर तारीख, सगळं झोकात झालं. मग मी विचारलं, "सांगा मुलांनो, आपण अन्न का खातो?"

"भूक लागते म्हणून," सगळा वर्ग एका सुरात.

"छान. आणखी?"

"माय रागावते म्हणून."

"आज अंडं हाये म्हणून."

"आणखी?"

आता कोणी बोलेना. मी पुन्हा विचारलं. उत्तर उजव्या रकान्यात होतं आणि त्याच्याशिवाय मला पुढच्या प्रश्नावर जाता येत नव्हतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज घरच्यासारखा चढला. आणि खिडकीबाहेरून, जिथे आई तांदूळ निवडत बसते तिथून, स्पष्ट उत्तर आलं, "अन्नापासून आपल्याला ऊर्जा मिळते."

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. परीक्षक उठून खिडकीपाशी गेले. "आपण कोण?"

आई सूप बाजूला ठेवून उभी राहिली. पदर सारखा केला. "मी खिचडीवाली, सायेब. चुकून बोलली." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्याडम म्हणायचं ठरलं होतं, ते ती इथेही निभावत होती.

मी गप्प राहिले असते तर निभलं असतं. पण मला स्वतःचाच इतका राग आला की शब्द बाहेर पडले. "सर, ती माझी आई आहे. मी घरी पाठ घेते तेव्हा माझा वर्ग तीच असते."

"म्हणजे उत्तर तुम्ही पाठ करून घेतलंत?"

"हो सर."

मैत्रिणींच्या वह्यांवरची पेनं थांबली होती. परीक्षकांनी आईला विचारलं, "बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? आपण का खातो?"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं, बोलू का म्हणून. मी मान डोलावली.

"भूक लागते म्हणून, सायेब."

"आमी तेच म्हटलं होतं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

परीक्षक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चालू द्या. वीस मिनिटं आहेत."

मी टाचण मिटून टेबलावर ठेवलं. "भूक लागली की तुम्हाला काय होतं?" एवढे हात वर आले की कोणाला विचारावं कळेना. पोट दुखते. झोप येते. राग येते. पाय चालत नाही. "मग जेवल्यावर?" पळता येते. "पळायला अंगात काय आलं?" ताकद, असं चार-पाच जण ओरडले. मी फळ्यावर 'ताकद' लिहिलं आणि त्याच्या खाली 'ऊर्जा'. त्या वीस मिनिटांत मला पहिल्यांदा शिकवायला मजा आली. पुढे निकालात मी पास झाले, आणि बऱ्यापैकी गुणांनी झाले.

त्या दिवशी दुपारी मुलांचं वाढून झाल्यावर परीक्षकही व्हरांड्यात खिचडी खायला बसले. मैत्रिणी आईभोवती घोळका करून होत्या. मी शेवटी ताट घेऊन पुढे गेले.

"घ्या म्याडम," आई म्हणाली.

"म्याडम नको म्हणू, आई."

"तुह्यंच सांगणं होतं."

"हाव. माह्यं चुकलं."

तिनं माझ्या ताटात एक पळी वाढली, जरा थांबली, आणि वर आणखी एक. मग पुस्तकातल्या त्याच आवाजात म्हणाली, "खाय पोरी. अन्नापासून आपल्याला ऊर्जा मिळते."