आंबील, एअरलॉक आणि काकांचे बूट

घरी बिअर करायला फार अक्कल लागत नाही. पण जेवढी लागते तेवढी माझ्याकडे नव्हती.

पेनरोजला माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका किवी मित्राने मला प्लास्टिकचा ड्रम, जवाचा अर्क, यीस्ट आणि एक ताकीद दिली होती. "सुरुवातीला झाकणाला ही जाड नळी लाव, दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडव. फेस तिथून निघून जाईल. जोर ओसरल्यावरच हा हवा बाहेर सोडणारा छोटा एअरलॉक बसव, नाहीतर तुंबेल." मी "स्वीट ॲज" म्हणालो. काहीही न समजता हो म्हणायला हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

आमच्या अवोन्डेलच्या घरात ड्रम गुडगुडू लागला आणि दोनच दिवसांत नागपूरहून आई आली. परदेशात राहूनही आपला मुलगा दारूला शिवत नाही, असं ती अख्ख्या वस्तीत सांगून आली होती. तिने ड्रमला कान लावला.

"काय करून राहिला रे हे, संदीप?"

"जव आंबवतोय, आई." (यात एक अक्षर खोटं नाही!)

"आंबील होय? चांगली असते पोटाला."

माझी बायको प्रज्ञा स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघतच राहिली. मी खरं सांगणारच होतो, पण आईचा चेहरा इतका खुलला की माझा धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची वंदना आमच्याकडे होती. पाहुणे यायच्या जरा आधी आई म्हणाली, "वंदना झाली की सगळ्यांना आंबील दे. कांबळे काकांना सांगून ठेवलं मी फोनवर."

कांबळे काका आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी कितीतरी जणांची दारू सोडवली होती.

"आई, अजून आंबली नाही गं," मी म्हणालो.

"आधी लपव ते," प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली.

जागा एकच होती. पॅसेजमधलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे आम्ही टॉवेल ठेवतो. पण नळी आणि बरणीसकट ड्रम आत मावेना. मी नळी उपटली, भोकात एअरलॉक खोचला आणि दार लोटलं. उबेने यीस्टला चेव चढतो, हे मला नंतर कळलं.

पाहुणे आले. कपाटासमोर बूट-चपलांची रांग लागली. पांढऱ्या कपड्यांत आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो आणि काकांमागून पंचशील म्हणू लागलो. दुसऱ्या शीलाला पॅसेजमधून कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज आला. तिसऱ्याला काकांनी छताकडे पाहिलं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते मी जरा हळूच म्हटलं. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. काकांनी पहिला शब्द उच्चारला आणि धडाम!

मी धावलो. कपाटाचं दार सताड उघडं, एअरलॉक छताला आपटून खाली पडलेला, आणि ड्रममधून तपकिरी फेसाचा फवारा. टॉवेल भिजले, भिंत भिजली, बूट भरले. मी भोकावर दोन्ही तळवे दाबले. मग फवारा बोटांमधून थेट माझ्या तोंडावर आला. सगळ्या घराला पबचा वास सुटला. दारात गर्दी झाली.

आईने भिंतीवरचा फेस बोटावर घेऊन हुंगला.

"आंबील नाही ना रे ही?"

"नाही, आई."

आपल्या पांढऱ्या पदराने तिने माझं तोंड पुसलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काकांनी आपला बूट उचलून तिरका केला. धार लागली. तो त्यांनी शांतपणे खाली ठेवला.

"पाचवं शील राहिलं," ते म्हणाले. "परत म्हणू. आधी संदीप एकटा म्हणेल."

मी म्हटलं. तिथेच, केसांतून बिअर ठिबकत असताना. इतक्या मनापासून मी ते आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी काका माझ्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून घरी गेले. आता आमच्याकडे येताना ते बूट गाडीतच ठेवतात आणि पावसातसुद्धा अनवाणी येतात. शेजाऱ्यांना वाटतं, इथल्या लोकांसारखा अनवाणी फिरून म्हातारा पक्का किवी झाला. आणि वंदना कोणाच्याही घरी असो, चार शीलं झाली की काका थांबतात. मग सगळे माझ्याकडे वळून बघतात, आणि पाचवं सुरू करायचा मान मला मिळतो.