आकाशगंगेचे हात आणि माझा शेरा

"सर, हे हात पंख्याच्या पात्यांसारखे पक्के नाही. तारे त्यात येतेत अन् निघून जातेत."

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी जज होतो. मोहाडीच्या कॉलेजात वीसेक वर्षं फिजिक्स शिकवत आलेला माणूस. समोर सिहोरा गावची दहावीतली वैशाली. तिच्या मॉडेलमध्ये काळ्या पुठ्ठ्यावर तांदळाचे दाणे चिकटवून केलेली सर्पिल आकाशगंगा होती. म्हणजे ताऱ्यांची प्रचंड चकती, मधून वळत बाहेर गेलेले तिचे हात.

"तारेच निघून गेले तर हात कशाचा?" मी विचारलं.

"गर्दीचा, सर. रोडवर धानाचा ट्रॅक्टर हळू चालते, मागं गाड्या जमतेत. एक ओव्हरटेक करून जाते, मागून दुसरी येते. गाड्या बदलतेत, गर्दी राहते. हात पक्के असते, तर आतले तारे लवकर फेरी मारतेत म्हणून ते गुंडाळून कवाचेच मिटले असते."

मला हे ठाऊक नव्हतं. ते कबूल करायला जीभ वळली नाही. "आकाशगंगेत ट्रॅफिक जाम नसतो, बेटा," मी म्हणालो. बाजूच्या स्टॉलवरची मुलं हसली. शीटवर मी शेरा लिहिला: मूळ संकल्पना चुकीची.

उन्हाळ्यात एका ट्रेनिंगला गेलो. तिथे प्राध्यापकांनी 'घनता-तरंग' समजावला. हात म्हणजे ताऱ्यांची दाटी. ती आपल्या चालीनं फिरते, तारे तिच्यातून जातात. दाटीत वायू दाबला जाऊन नवे तेजस्वी तारे जन्मतात, म्हणून हात उठून दिसतात. सगळ्याच आकाशगंगांना हे लागू पडतं का, यावर अजून वाद आहे. पण मुलगी बरोबर होती. मी मान खाली घालून बसलो.

परत आल्यावर आमच्या प्राचार्यांना माझी चूक सांगितली.

"प्रदर्शनाचा निकाल लागून गेला. आता कायले उकरता?" ते म्हणाले.

तरी सिहोऱ्याला गेलो. शेतात धानाची रोवणी चालू होती. वैशाली चिखलाचे पाय घेऊन बांधावर आली.

"तुझं बरोबर होतं. मीच चुकलो," मी म्हणालो. "सायन्स घेतलंस ना?"

"नाही सर, आर्ट्स. शाळेतल्या मॅडमनं पुस्तकात दाखवलं होतं. पण तुम्ही मोठे सर. वाटलं, मलेच समजलं नसन." मग म्हणाली, "तुम्ही तवा पुस्तक काहून नाही पाहिलं?"

प्रवेश सायन्सला बदलून घेण्यासाठी कॉलेजात बोलतो, एवढंच म्हणालो.

"राहू द्या सर. आता मन नाही लागत," म्हणत ती पुन्हा चिखलाच्या बांधीत रोवायला उतरली.

मला अजूनही जज म्हणून बोलावतात. आता शेरा लिहिण्याआधी विचारतो, "हे कुठे वाचलंस?" या प्रश्नाला फार तर दोन मिनिटं लागतात.