अर्नाळ्याच्या बाया बेटावर जाऊन बसल्या

रोमच्या रयतेची गोष्ट त्यांना मीच सांगितली होती, हे आधीच सांगून टाकते. अर्नाळ्याच्या शाळेत मी मास्तरीण होते आणि दुपारी कोळणींना लिहायला-वाचायला शिकवायचे. अक्षरं गिरवून कंटाळल्या की बाया गोष्ट मागायच्या. एकदा सांगितलं, फार पूर्वी रोममधली गरीब माणसं धनिकांच्या जाचाला विटली, तेव्हा दगड नाही की काठी नाही, सगळी उठून शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. काम बंद. शहराच्या तोंडचं पाणी पळालं.

"मंग पुढं?" एकीनं विचारलं.

"पुढचं उद्या," मी म्हटलं. कसलं उद्या नि कसलं काय!

त्याच दिवशी गावच्या पंचांनी मासळी वाळवायचं खळं मुंबईच्या एका शेटला बंगल्यासाठी द्यायचं ठरवलं. खळं गेलं तर बोंबील वाळत घालायचे कुठं, डोक्यावर? बाया विचारायला गेल्या, तर पंचांचा म्होरक्या म्हणाला, "पंचांत बायांचं काय काम?" तो म्होरक्या म्हणजे माझा बा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण त्याच्याशी बोलायची छाती कुणाची?

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या बोंबलांनी भरून आल्या, आणि ते वाळत घालायला किनाऱ्यावर औषधालासुद्धा बाई नव्हती. पोरंसोरं घेऊन सगळ्या समोरच्या बेटावर, किल्ल्याच्या दरवाज्यापुढं जाऊन बसल्या होत्या. ऊन चढायला लागलं. बोंबील म्हणजे नुसतं पाणी, उन्हात ढिगानं पडला की गेलाच. वास सुटला. पुरुष एकमेकांवर खेकसत होते. माझा काका वल्हं उचलून ओरडला, "झिंज्या धरून आनतो एकेकीला!" चार-सहा जण त्याच्यामागं होडीकडे निघाले. आज कुणाचं तरी डोकं फुटणार होतं.

बानं त्याला अडवलं आणि माझ्याकडे वळला. "तूच शिकवलंस ना हे? मंग तूच घेऊन ये त्यांना. हात हलवत आलीस, तर मी याला थांबवायचा नाय."

होडीत बसल्यावर आठवलं, रोमच्या धनिकांनीही टेकडीवर असाच एक गोडबोल्या धाडला होता. त्यानं गोष्ट सांगितली होती, की हातापायांनी पोटावर रुसून काम सोडलं आणि सगळं अंगच वाळून गेलं. तीच घोकत मी बेटावर उतरले.

बघते तर काय, सगळ्यांच्या पुढं माझी आय! ती पहाटेच बाजाराला गेली, असं मी धरून चालले होते. तरी कशीबशी पोटाची गोष्ट सांगितली.

"झालं सांगून?" आय म्हणाली. "हातांनी भरवायचं, नि पोटानं हातांना इचारायचं पन नाय, आं? त्या लोकांनी मंग काय केलं? खरं सांग."

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, काका माझी वाट न बघताच होडी घेऊन सुटला होता. मी खरं ते सांगून टाकलं. गरिबांनी कारभारात आपलं माणूस बसवून घेतलं, तेव्हाच ते खाली उतरले. आणि त्या माणसाला जो हात लावेल, तो सगळ्यांचा गुन्हेगार.

"मंग आमचं मानूस मी," आय उठली. "चला गं."

मधल्या पाण्यात काकाची होडी आडवी आली. आय उभी राहिली. "मार," ती म्हणाली. "पन मला मारलंस तर या सगळ्यांना मारलंस." मागं बायांच्या होड्याच होड्या. काकानं वल्हं हळूच पाण्यात सोडलं.

किनाऱ्यावर पंच चटईवर बसले होते. बायांनी तिथं लांब उभं राहायचं, ही आमची रीत. आय थेट चटईच्या कडेला जाऊन थांबली. अर्धी मासळी कुजली होती. बानं आधी त्या ढिगाकडे बघितलं, नंतर तिच्याकडे.

मग तो जरासा सरकला. "बस," म्हणाला.

आय बसली. "खळं द्यायचं नाय," ती म्हणाली. "आता पुढचं बोला."