तळवड्याहून आणलेलं मशीन

संत तुकाराम नगरातल्या आम्रपालीला ब्लाउज काही जमत नव्हता. चाकणच्या कंपनीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. जाड रेक्झिन आणि फोमचे थर, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. कंपनीनं ते काम परराज्यात हलवलं आणि लाइनवरच्या सगळ्या बायका घरी बसल्या. कुणी डबे सुरू केले, कुणी शिवण घेतलं. आम्रपालीनंही शेजारणीचा एक ब्लाउज शिवून पाहिला. शेजारणीनं तो घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हा माझ्या अंगावर नाही, गाडीच्या सीटवर बसेल गं." दोघी पोट धरून हसल्या. ती गेल्यावर मात्र आम्रपालीनं तो ब्लाउज टाका टाका करून उसवून टाकला.

तिचा धाकटा भाऊ धम्मरत्न सुट्टी मिळाली की डोंगरात जायचा. डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या एका गटातही तो होता. एकदा त्याच्या सॅकचा पट्टा खांद्यापाशी उसवला. आम्रपालीनं दाभण घेतलं आणि चौकोनात फुली घालून तो असा शिवला, की बाकीची सॅक फाटली असती पण पट्टा सुटला नसता. मग धम्मरत्नचे मित्र यायला लागले. "ताई, माझीपण बघा ना." हळूहळू नवीच सॅक शिवून द्या, तंबूची पिशवी करून द्या, असं सुरू झालं. पण घरातल्या आईच्या काळ्या मशीनवर पट्ट्याचे चार थर आले की सुई मोडायची.

मोठं मशीन घ्यायचं ठरलं, ते अर्थात जुनं. पण मशीन निवडायची वेळ आम्रपालीवर कधी आलीच नव्हती. कंपनीत समोर येईल त्यावर बसायचं आणि बिघडलं की मेकॅनिकला हाक मारायची.

रहाटणीत शिवणाच्या जुन्या मशीनचं एक दुकान होतं. मालक नूरमोहम्मद अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्यापासून त्यांची बायको ताजुन्निसा ते चालवत होती. आम्रपाली गेली आणि थेट एका पांढऱ्या, वेगवान मशीनसमोर उभी राहिली. तसंच मशीन तिनं कंपनीत चालवलं होतं.

"हे द्या, खाला."

"शिवणार काय त्याच्यावर?" ताजुन्निसानं विचारलं.

आम्रपालीनं पिशवीतून सॅकचं कापड आणि जाड पट्टा काढला. ताजुन्निसानं तिला शिवायला बसवलं. मशीन सुसाट निघालं. खालचं कापड पुढे गेलं, वरचा पट्टा मागे राहिला आणि टाके एकमेकांवर चढले.

"बघ. हे साडीच्या फॉलला, शर्टाला झकास आहे. तुला कोपऱ्यावर एका टाक्यावर थांबायचंय. कापड खालनं आणि वरनं, दोन्हीकडनं ओढणारं मशीन पाहिजे तुला. ते माझ्याकडे आज नाही."

दुसऱ्या कुणी ते पांढरंच गळ्यात मारलं असतं. ताजुन्निसानं शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्रपालीच्या स्कूटीवर मागे बसली. तळवड्यात सोपानराव नावाचे एक गृहस्थ चामड्याच्या बॅगांचा कारखाना आवरत होते.

तिथं तशी दोन मशीन विकायला होती. एक नव्या रंगानं चकाकत होतं. दुसऱ्याचा रंग तळहात टेकायच्या जागी पार उडाला होता. आम्रपालीचे डोळे चकाकणाऱ्यावर गेले. ताजुन्निसानं त्याच्या स्क्रूवर बोट ठेवलं. "खाचेत रंग भरलाय. वरनं सजवलंय, आत कुणी हात घातला नाही." चाक हातानं फिरवलं तर ते मध्येच अडकलं.

सोपानराव कसनुसं हसले. "खरं हाय ताई. दलालाकडनं घेतलं, आमच्याकडं ते कधी धड चाललंच न्हाई. त्या जुन्यावर मात्र रोज काम व्हायचं."

जुन्याचं चाक लोण्यासारखं फिरलं. ताजुन्निसानं सुई धरून हलवली, ती जागची हलली नाही. खाली वाकून बॉबिनच्या जागी ओरखडे आहेत का ते पाहिलं. मग बाजूला झाली. "आता तू बस. तुझं कापड, तुझा हात."

आम्रपालीनं पट्ट्याचे चार थर घातले. मशीन थर ओलांडून सावकाश पलीकडे गेलं आणि एकही टाका सरकला नाही. तिनं तिथल्या तिथं सोपानरावांशी भाव ठरवला.

परतताना तिनं विचारलं, "खाला, तुमचं काय द्यायचं?"

"माझं काय? पांढऱ्याला मिळेल दुसरी कुणी. तू मोटर मात्र हळू, आवाज न करता चालणारी लाव, नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येतील."

ते धूड तिसऱ्या मजल्यावर न्यायला धम्मरत्नचे मित्र आले. डोंगरातले दोर लावून, जिन्यात एकमेकांना शिव्या घालत त्यांनी ते वर चढवलं. पहिल्या सॅकची शिवण वाकडी आली, दुसरीचा तळ ओघळला. ताजुन्निसा एका शुक्रवारी येऊन दोऱ्याचा ताण नीट करून गेली. त्यानंतर आम्रपालीला मागे वळून पाहावं लागलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बचाव गटानं त्यांच्या स्ट्रेचरचे झिजलेले पट्टे तिच्याकडे आणले. तिनं ते सगळे काढून नव्यानं शिवले आणि गटातल्या जाणत्यांनी स्ट्रेचरमध्ये दगड भरून, लोंबकळवून ते पारखून घेतले. महिन्याभरात पाय मोडलेल्या एका शिक्षकाला त्याच स्ट्रेचरवरून दरीतून वर काढलं. धम्मरत्न मातीनं माखून घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "ताई, पट्टे जरासुद्धा हलले नाहीत." आम्रपाली चहा टाकायला आत गेली आणि तिथंच डोळे पुसले.

त्याच आठवड्यात तिनं पाना-पेचकसांसाठी भरपूर कप्प्यांची एक पिशवी शिवली आणि रहाटणी गाठली. "खाला, तुम्ही त्या दिवशी पांढरं विकलं असतंत, तर मी आज कुठं असते?"

ताजुन्निसानं पिशवी उलटी करून आतली शिवण बोटानं चाचपली, शेवटपर्यंत. मग टेबलावरचे पाने एकेक करून तिच्यात ठेवले आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "अहो, आम्रपाली आलीय. बघा, आपल्यासाठी काय शिवून आणलंय."