जांभळ्या पानांचं भात

माझं सासर मळवलीजवळ, माहेर आंदर मावळात. मधे चालत एका दिवसाची वाट, पण ती माझ्या नशिबात नव्हती. पंचमीला बाकीच्या सासुरवाशिणी माहेरी निघायच्या, तेव्हाच आमच्या खाचरांत बेणणी चालू असायची. सासऱ्यांचे गुडघे गेलेले. नवरा लोणावळ्याला रेल्वेत, रविवारी येऊन जेवून जायचा. उरलो सासूबाई नि मी.

बेणणी म्हणजे तण उपटायचं. आमचं तण साधं नव्हतं, ते देवभात होतं. कुणी न पेरता उगवतं म्हणून देवाचं, आणि कापणीआधीच दाणे चिखलात गाळून टाकतं म्हणून माणसाच्या काही कामाचं नाही. त्यातून पानं थेट भातासारखी. ओंब्या येईपर्यंत दोन्हींतला फरक ओळखायचा म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघावं लागे. त्या बांधांच्या आत मला कोंडून घातलंय असं वाटायचं. दार कुठंच नव्हतं, त्यामुळे ठोठावायचं तरी काय?

एके वर्षी सासऱ्यांनी वडगावच्या सरकारी शेतावरून नवं बियाणं आणलं. त्याची पानं जांभळी. आवणीला रोपं लावून झाल्यावर खाचरं अशी दिसायला लागली की येणारेजाणारे थांबून बघत. सासरे बांधावर बसून म्हणाले, "जांभळं त्ये आपलं. हिरवं दिसलं की उपटा. आंधळ्यालाबी जमंल."

खरंच जमलं. बेणणी हां हां म्हणता उरकली आणि पंचमीला मी माहेरी गेले. पहिले दोन दिवस नुसती झोपले. आईनं उठवलं नाही, कुणाला उठवू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी घरचंच बी धरलं. हिरवं तेवढं उपटलं. उरलेल्यांत काही रोपं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच, उफाड्याची झाली. होती जांभळीच. सासूबाई त्यांच्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बग, कशी पोसल्यात." त्यांना कोण हात लावणार? मी पुन्हा माहेरी जाऊन आले. आश्विनात त्याच उंच रोपांना लांब तांबूस कुसळं आली. सासऱ्यांनी एक ओंबी धरली तर दाणे बोटांतून खाली चिखलात.

माझा मुलगा पुढं शेतकी शिकला, त्यानं मला हे समजावलं. पहिल्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी शेजारच्या देवभाताचे पराग वाऱ्यानं आमच्या भातावर आले. जांभळ्या रंगाचं जनुक जोरकस. आईबापांतलं एक जांभळं असलं तरी लेकरू जांभळंच निघतं. आणि अशा मिसळीची पहिली पिढी वाढीलाही उफाड्याची. म्हणजे रंग घेतला आमचा आणि दाणे गाळायची खोड ठेवली स्वतःची. मी म्हटलं, शहाणं लेकरू. मला सासरी येऊन नेमकं उलटं जमलं, स्वतःचं काही ठेवता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्या गळलेल्या दाण्यांनी खाचरं भरली. थोडं हिरवं, बरंचसं जांभळं. जांभळ्यातून जांभळं निवडायचं, म्हणजे पुन्हा तेच वाकणं, पहिल्यापेक्षा वाईट. त्याच वर्षी धाकटा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला.

"आक्का, आयच्या डोळ्यांवर पडदा आलाय," तो म्हणाला. "ती म्हनती, दिसतंय तवर एकदा तुला बगू दे."

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते वाईट नव्हते, हेच मला सोसवत नव्हतं. "न्हाई कसं म्हनू, पोरी?" ते म्हणाले. "पर हे आसंच ऱ्हायलं तर वरीसभर खायचं काय?"

भाऊ धोतर खोचून स्वतः चिखलात उतरला. हात लागला तर बहिणीला लवकर नेता येईल, असा त्याचा भाबडा हिशेब. दोन दिवस राबला आणि मूठमूठ चांगलं भात उपटून बांधावर टाकलं. शेवटी सासूबाईंनीच त्याला गोड बोलून वर काढलं. तो पाय धुऊन एकटा परत गेला. मला त्या रंगाचा संताप आला, सासरचा आला, माहेरचाही आला. रविवारी नवरा आला तेव्हा त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

कापणी, झोडणी सगळं होऊन मी निघाले तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. भाऊच न्यायला आला होता. आई ओट्यावर उन्हात बसली होती, मान जराशी वर करून. भाऊ म्हणाला, "आय, बग कोन आलंय." हाक मारायच्या आधी मी तिच्याजवळ बसले. मी नुसता हात तिच्या हातात दिला.

तिनं तळवा चाचपला. चिरा पडलेली बोटं एकेक करून चाचपली, मग दुसरा हात मागून घेतला आणि तोही बघितला. मग भावाच्या आवाजाकडे तोंड वळवून हळूच विचारलं,

"कुनाची रं बाई ही?"