भाकरीपुरता जाळ

पौडच्या डॉक्टरांनी सासूबाईंची छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चूल पेटवता का?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच हो म्हटलं.

आमचं घर कोळवणच्या खोऱ्यात आहे. मी आणि माझा नवरा, दोघंही कंपनीत नोकरी करणारे. सूसचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही इकडे आलो, कारण दोघांचंही बरंचसं काम घरून होतं. सासरे गेले तेव्हा सासूबाईंना बीडकडच्या गावाहून इथे आणलं. आल्या त्याच आठवड्यात मागच्या पडवीत तीन दगड मांडून त्यांनी आपली चूल केली. ज्वारीची भाकरी त्या जन्मभर चुलीवरच करत आल्या होत्या. ती एवढी सुरेख व्हायची, की खोकल्याकडे आम्हीही कानाडोळाच केला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की धुराने फुफ्फुसं खराब झाली आहेत, औषध कायमचं घ्यावं लागेल आणि धूर आजपासून बंद. नवऱ्याने संध्याकाळी चुलीचे दगड उचलून कुंपणाबाहेर टाकले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गॅसवर भाकरी करून पाहिली. तव्यावरून काढलेली भाकरी जाळाला लावून फुगवायची त्यांची सवय. बर्नरवर ती मध्येच करपायची आणि कडा कच्च्या राहायच्या. असं चार-पाचदा झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात यायचं सोडलं. मी केलेली पोळी निमूटपणे खायच्या, तीही अर्धी. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मला गावी सोड म्हणावं त्याला. हितं माझा उपेग न्हाई काही."

गावी दिराच्या घरात रोजचा स्वयंपाक चुलीवर, आणि स्वयंपाकघराला खिडकी नाही. मी तिथे आठ दिवस राहिले होते तेव्हा माझे डोळे सुजले होते. मी मनाशी ठरवलं, की या परत त्या धुरात जाणार नाहीत आणि भाकरीही जाळावरचीच खातील.

पेलेटच्या शेगडीचं मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं. शेगडी म्हणजे पत्र्याचं एक उभं भांडं, खाली जाळी आणि बाजूला बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या, करंगळीएवढ्या जाड कांड्या. त्या भांड्यात भरायच्या, वरून पेटवायच्या आणि पंखा लावायचा. जाळ गॅससारखा सरळ वर येतो आणि धूर जवळजवळ होत नाही. शेगडी आणली, तीन बाजूंनी उघड्या पडवीत ठेवली. सासूबाईंनी ती लांबूनच पाहिली आणि आत निघून गेल्या.

शेगडीबरोबर दुकानदाराने भाताच्या तुसाच्या पेलेटचं एक पोतं दिलं होतं. मला ते मनापासून आवडलं. आमच्या खोऱ्यात भातच भात, म्हणजे इथलंच जळण. पहिल्या दोन भाकऱ्या मी स्वतः भाजल्या आणि त्या फुगल्याही. तिसरीला जाळ बसला. पंखा वाढवला तर राखच उडून परातीत आली. शेगडी थंड झाल्यावर उपडी केली, तर जेवढं भरलं होतं त्याच्या निम्मी राख असेल असं वाटलं. तिच्यात काचेसारखे कडक खडे होते आणि जाळीची भोकं त्यांनीच बुजली होती. शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, तुसाची राख कधी सरती व्हय, आमी तिनंच भांडी घासायचो. तरी मी ते पोतं हट्टाने वापरलं. दर भाकरीमागे जाळी खरवडायची, पुन्हा पेटवायचं. पोतं संपेपर्यंत एवढं मात्र नक्की कळलं, की शेगडीत काही खोट नाही, चुकतंय ते जळण.

दुसरं पोतं फोनवरून मागवलं. विक्रेता म्हणाला, लाकडाचाच माल आहे, एक नंबर. कांड्या गडद रंगाच्या आणि चकचकीत होत्या. राख खरोखर कमी पडली, जाळही टिकला. पण वास वेगळा आला, आणि तो कुठला ते मला लगेच ओळखता येईना. पडवीच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंना ढास लागली, ती थांबेचना. त्यांना आत नेलं, पाणी दिलं, औषधाची वाफ दिली. त्यांची पाठ चोळत असताना मला आठवलं. सूसच्या घरात कपाटं बसवली, त्या दिवशी सुतार प्लायवूड कापत होते तेव्हा घरभर हाच वास होता. म्हणजे लाकडाच्या नावाखाली फर्निचरचा भुसा, डिंकासकट. विक्रेत्याला विचारलं, तर बाई, जळतंय ना, मग झालं, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी नवरा चिडला. इंडक्शन घेऊ, भाकरीचं यंत्र घेऊ, पण हे प्रयोग आईवर करू नकोस म्हणाला. त्याचं बरोबर होतं. यापुढे नवीन पेलेट आधी मी एकटी, कुंपणापाशी पेटवून बघेन, असं त्याला कबूल केलं. पण शोध थांबवणार नाही हेही सांगितलं.

शनिवारी मी गाडी काढली आणि पिरंगुटच्या बाजूला पेलेट करणारे तीन छोटे कारखाने होते, तिथे गेले. सगळीकडे एकच विचारलं, भुसा कुठून येतो? एकाने सांगायचं टाळलं. एकाकडे शेंगांची टरफलं आणि उसाचं चिपाड मिसळलेलं होतं, ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्याने मला मागे नेऊन भुशाचा ढीगच दाखवला. वखारीतून येणारा, बाभूळ आणि निलगिरीचा कोरा भुसा. रंग नाही, पॉलिश नाही. मी तिघांकडूनही पिशवी पिशवी माल घेतला.

घरी येऊन ओट्यावर तीन ग्लास पाण्याचे मांडले आणि प्रत्येकात एकेका पिशवीतल्या कांड्या टाकल्या. सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. थोड्या वेळाने उठून आल्या. हे कशाला, विचारलं. मी सांगितलं, की नुसता भुसा दाबलेला असेल तर कांडी पाण्यात विरघळून मोकळी होते, डिंक असेल तर तशीच राहते, असं मी वाचलंय. त्यांनी एक कोरडी कांडी उचलली, नाकाला लावली, मग दाढेखाली धरून कट्‌कन तोडली. त्यांच्या गावाकडे ज्वारी वाळली की नाही ते असंच दाताने बघतात. दुसऱ्या पिशवीतली तोडली तर ती नुसतीच दबली. तिसरीतली पुन्हा कट्‌कन तुटली.

"ही वाळलेली हाय," त्या म्हणाल्या. "आणि वास लाकडाचा हाय. हीच आण."

ती निलगिरी-बाभळीचीच होती, आणि ग्लासातही तिचा मोकळा भुसा झाला होता. मी कुंपणापाशी पेटवून पाहिली. पेटतानाच काय तो थोडा धूर, नंतर स्वच्छ पिवळा जाळ, आणि शेवटी चमचाभर राख. मग शेगडी पडवीत आणली. पेटवायचं काम माझं आणि जाळ लागल्यावर बसायचं काम त्यांचं, असं ठरलं. त्या दिवशी सासूबाईंनी परात पुढे ओढली आणि मला म्हणाल्या, "सरक."

सगळं तिथेच सुरळीत झालं असं नाही. आषाढात आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम सोडतात. भिंतीला टेकवून ठेवलेलं पोतं उघडलं, तर कांड्या फुगून त्यांचा परत भुसा झालेला. वाळवायला ऊन कुठलं? ते पोतं झाडांना घातलं आणि घट्ट झाकणाचे दोन ड्रम आणले. ते फळीवर, भिंतीपासून लांब ठेवले. ओलसर कांडी धूर करते, म्हणून रोज लागतील तेवढ्याच बाहेर काढायच्या आणि झाकण लगेच लावायचं. हा नियम मी केला, पण तो पाळायला लावला सासूबाईंनी. झाकण उघडं दिसलं की त्या नवऱ्याला नावं ठेवायच्या.

गणपतीनंतर डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. गेलेलं परत येणार नाही, पण आणखी बिघडलेलं नाही, असं म्हणाले. मला तेवढं पुरे होतं. आता त्या इथेच राहतील, असं मी धरून चालले.

दिवाळीच्या आधी त्यांनी गावी जायचं काढलं. मला ते लागलं. एवढं सगळं केलं तरी तुम्हाला इथे करमत नाही का, असं मी विचारलं, जरा वरच्या आवाजात. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माय, मला धूर लागू नये म्हणून केलंस का मी हितं राहावं म्हणून केलंस?"

खरं म्हणजे दोन्हीसाठी केलं होतं, आणि कुठलं कुठे संपतं ते मी कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, की तिकडं माझं घर हाय, जावा हायेत, शेत हाय. शेगडी घेऊन जाते. चुलीपाशी बसणार न्हाई, तुझी शप्पत.

मी शपथेवर विसंबले नाही. दिराला फोन करून अंगणात पत्र्याची शेड टाकायला सांगितली. पिरंगुटहून पोती आणली, एक ड्रम रिकामा करून धुतला, उन्हात वाळवला. निघायच्या सकाळी नवऱ्याने गाडीची मागची सीट पाडली. ड्रम, पोती आणि शेगडी भरल्यावर सासूबाईंच्या कपड्यांच्या पिशवीला जागा उरेना, तेव्हा त्यांनी ती मांडीवर घेतली.

आता दर काही आठवड्यांनी मी पोती पोचवते. तिकडे सोयाबीनच्या काडाचे पेलेट स्वस्त मिळतात, दिराने एकदा आणलेही होते. सासूबाईंनी ते शेगडीला लावूच दिले नाहीत. थंडीत खोकला वाढला, तर मी त्यांना घेऊन येणार आहे. तसं त्यांना सांगून ठेवलंय, आणि त्याही हो म्हणाल्या आहेत.